डावीकडे ओढते

ऑटोनगरच्या मागच्या गल्लीत
टायरांच्या ढिगाला टेकून उभी होती,
एक दिवा फुटलेली, फोर-बाय-फोर पिकअप,
केए-बावीस, रंग पांढरा म्हणे.
पांढरा फक्त आरसी बुकात.
दारांच्या सांध्यांत, रबराखाली, बिजागरीत
लाल माती बसलेली. आमच्याकडची नव्हे ती;
आमची ओली असते, काळपट, कुजक्या पानांच्या वासाची.
ही कोरडी, संडूरच्या खाणींकडची.
खरवडून बघितली तर नखातच राहिली.

सिद्धगौडा म्हणाला, "एकच मालक, ताई.
डॉक्टरांची गाडी. देवळाला तेवढी जात होती."
गौस काही बोलला नाही.
पोतं अंथरून खाली शिरला,
बराच वेळ नुसत्या त्याच्या चपला दिसत राहिल्या.
आतून टकटक. मग गप्प. मग पुन्हा टकटक.
"डॉक्टरांनी," खालूनच म्हणाला,
"लई दगड तपासलेत की."

मला पेट्या न्यायच्या असतात.
छत्तीस पेट्या, रात्रीच्या, तोंडाला जाळी ठोकून,
कणकुंबीच्या रानातनं सौंदत्तीच्या सूर्यफुलांत.
भाड्याचे टेम्पोवाले आता माझा नंबर बघून फोन उचलत नाहीत;
जांबोटीच्या वळणावर एकदा दोरी सुटली होती,
आणि क्लीनर अर्धा मैल पळाला होता.
म्हणून मी ना रंग बघितला, ना टेप.
चहाचा भरलेला पेला हौद्यात ठेवला,
इंजिन सुरू करायला लावलं.
पेल्यात गोल गोल रेघा उठल्या.
सांडला नाही.
मधमाशीला हादरा कळतो. किंमत आम्हाला.

कणबर्गीच्या डोंगराला चढवली.
छोटी दांडी मागे ओढली तशी
खालून कुणीतरी कंबर कसल्यासारखा आवाज आला
आणि चढली, घाई न करता,
सुट्या दगडांवरनं, एका घसरड्या घळीतनं.
माथ्यावर ऊन डोळ्यांत आलं.
मी काचेवरची झडप खाली ओढली.

झडपेच्या मागं निळ्या बॉलपेनचं कन्नड,
कोडबळ्यांसारखी गोल अक्षरं.
दहावीला पस्तीस मार्कांवर सुटलेली मी,
बोट ठेवून ठेवून वाचलं:
एडक्क एळितद. बैब्याडा.
डावीकडे ओढते. शिव्या देऊ नका.
सही नाही. तारीख नाही.
कुणाला देऊ नका, तेही नाही.
गाडीला, की ती चालवणाऱ्याला?

खाली आल्यावर सिद्धगौडा तीन ऐंशीवर अडून होता.
मी फक्त म्हटलं, "एडक्क एळितद."
त्यानं गौसकडे बघितलं. गौसनं टायरांकडे.
तीन चाळीस.
दोन शब्दांत चाळीस हजार उतरले,
आणि ते दोन्ही माझे नव्हते.
कुठल्या खाणीत, कुणाचं बोलणं खाऊन
त्यानं पुढच्यासाठी ते लिहून ठेवलं असेल,
हे विचारायला पत्ता कुठाय?

दिरानं चार चाकांपुढं चार लिंबं ठेवली.
तीन फुटली.
पुढचं डावं चाक लिंबाला वळसा घालून गेलं.
सगळे हसले. गौस सगळ्यात जास्त,
आणि मग म्हणाला, "रॉड बदलून देतो, ये सोमवारी."

सोमवारी गेले नाही. पुढच्याही नाही.
फुलांचे दिवस थोडे असतात.
रात्रभर स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरून,
मागं छत्तीस पेट्यांची एकच दबकी घूं,
बैलहोंगल मागं पडतं
तेव्हा समोर थेट डोळ्यांवर सूर्य येतो.

झडप खाली ओढते.
"नाही देत बाबा," म्हणते,
आणि पेट्या जाग्या व्हायच्या आत
पाय थोडा दाबते.